हंगामाची पहिली शर्यत आणि धावपटूचे वय

फेब्रुवारीच्या अखेरीस साताऱ्यात पहाटे समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे आणि तिथून यवतेश्वरच्या घाटात चढणाऱ्या धावपटूंना थोडे निरखून पाहावे. वीस-बावीस वर्षांची मुले पहिल्याच वळणापासून गप्पा मारत चढतात. पस्तिशी ओलांडलेला, अनेक मोठ्या शर्यती अंगावर असलेला धावपटू मात्र पहिली दहा-पंधरा मिनिटे अगदी हळू जातो, मध्येच कठड्याला हात लावून पोटरी ताणतो, आणि घाट अर्धा सरल्यावर कुठे त्या मुलांच्या बरोबरीला येतो. एका सकाळी जे दिसते तेच थोड्या मोठ्या मापाने त्याच्या पूर्ण वर्षात दिसते. वाढत्या वयाचा परिणाम मुख्य शर्यतीच्या आधी हंगामाच्या पहिल्या दोन-तीन शर्यतींत जाणवू लागतो, आणि नेमक्या त्याच शर्यतींवरून लोक धावपटूचा निकाल लावून मोकळे होतात.

तिशीनंतर धावपटू संपतो ही समजूत बरीच जुनी आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच ऑलिंपिकमध्ये एमिल झातोपेक या चेक धावपटूने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली. चार वर्षांनी मेलबर्नला, चौतिसाव्या वर्षी, तो मॅरेथॉनमध्ये सहावा आला आणि जगाने त्याचा अर्थ वय झाले असा लावला. त्या वर्षी हर्नियाच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा सराव मध्येच तुटला होता, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. शिवाय तो काळ हौशी खेळाडूंचा होता. धावून पोट भरत नव्हते, त्यामुळे बहुतेकांनी तिशीच्या आसपास नोकरी-संसारासाठी मैदान सोडले. त्यांचा वेग वयाने किती घटला असता, हे तपासण्याची वेळच आली नाही.

याच सुमारास न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी वर्षाची आखणी करण्याची पद्धत रुजवली. आधी अनेक आठवडे लांब अंतराचा सराव, मग चढणीवरचे काम, मग ट्रॅकवरचा वेग, असा तिचा क्रम होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्ण जिंकले, तेव्हा ही पद्धत जगभर गेली. या आखणीत हंगामाच्या सुरुवातीला धावपटू मंद असणे अपेक्षितच असते, कारण वेगाचे काम शेवटी यायचे असते. म्हणून सुरुवातीची वेळ वाचताना धावपटू आखणीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी विचारावे लागते, वयाचा प्रश्न त्यानंतर येतो.

प्रयोगशाळांत वयाचा अभ्यास त्याच्याही आधीपासून चालू होता. सिड रॉबिन्सन यांनी १९३८ मध्ये हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीत लहान मुलांपासून नव्वदीच्या वृद्धांपर्यंतच्या पुरुषांची चाचणी घेऊन दाखवले की शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वयाबरोबर घटत जाते. तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्यांत ही घट दशकाला साधारण दहा टक्के धरली जाते. कसून सराव टिकवणाऱ्यांत ती पुष्कळ कमी राहू शकते. १९८७ मध्ये मायकेल पोलॉक आणि सहकाऱ्यांनी चोवीस प्रौढ धावपटूंचा दहा वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्यांनी सरावाची तीव्रता टिकवली त्यांची ही क्षमता जवळजवळ तशीच राहिली, ज्यांनी तीव्रता सोडली त्यांची स्पष्ट घटली. हृदयाचे कमाल ठोके मात्र दोन्ही गटांत कमी झाले, कारण सरावाने ती घट रोखता येत नाही.

माझ्या मते या विषयाची खरी किल्ली वयाच्या अभ्यासांपेक्षा विश्रांतीच्या अभ्यासांत आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले आणि तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केले होते. हे पाच जण अव्वल धावपटू नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. धावपटू आणि सायकलपटूंच्या बाबतीत एडवर्ड कॉइल यांच्या १९८४ च्या अभ्यासात दिसले की सराव थांबल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच क्षमता सुमारे सात टक्क्यांनी उतरते, कारण रक्ताचे प्रमाण आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारे रक्त कमी होते. हंगाम संपल्यावरची विश्रांती प्रत्येक धावपटू घेतो आणि ती घ्यायलाच हवी. विशीतला धावपटू हा खड्डा लवकर भरून काढतो, कारण एका कठीण सरावानंतर दोन दिवसांत तो दुसऱ्याला तयार असतो. अडतिसाव्या वर्षी त्याच दोन सरावांमध्ये तीन-चार दिवस सोडावे लागतात, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांत वेगाचे सराव कमी बसतात आणि पहिल्या शर्यतीला तो अर्धवट तयारीने उभा राहतो.

त्यात पायांची अडचण वेगळी. वयाबरोबर जलद आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी घटतात, घोट्यातून मिळणारा रेटा कमी होतो आणि पावलांची संख्या फारशी न बदलता पाऊल आखूड पडते. टाचेमागची जाड कंडरा, जिला धावपटू अकिलीस म्हणतात, ती अचानक वाढलेल्या वेगाला कुरकुरते. म्हणून जाणता धावपटू ट्रॅकवरची इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत वेगाने धावायचे तुकडे, उशिरा सुरू करतो. ठरावीक वेगाला लागणारी ऊर्जा मात्र अनुभवी धावपटूंत फारशी वाढत नाही, आणि याच जोरावर हंगामाच्या उत्तरार्धात तो तरुणांना धरून राहतो.

या सगळ्याला अपवाद वाटावा असा पोर्तुगालचा कार्लोस लोपेस. मार्चमध्ये होणारी, माळरानावरून धावायची जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा म्हणजे तेव्हा वर्षाच्या पूर्वार्धातली सर्वांत कठीण परीक्षा होती. ती त्याने १९७६ मध्ये जिंकली, पुन्हा १९८४ मध्ये, आणि १९८५ मध्ये लिस्बनला, अडतिसाव्या वर्षी. मधल्या १९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला तो २:०९:२१ वेळेत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला होता, आणि लिस्बननंतर महिनाही उलटायच्या आत रॉटरडॅमला त्याने २:०७:१२ असा जागतिक विक्रम केला. त्याचा हिवाळा मोकळा जात नसे; क्रॉस कंट्रीची तयारी हाच त्याच्या मॅरेथॉनचा पाया होता. ज्याची उतरण लहान, त्याची पुन्हा चढणही लहान.

सुरुवातीच्या खराब शर्यतीचे दोन्ही अर्थ, तात्पुरती उतरण आणि खरीच उतरण, एकाच धावपटूत पाहायचे असतील तर केनियाचा एलिऊड किपचोगे पाहावा. सप्टेंबर २०२२ मध्ये बर्लिनला, सदतिसाव्या वर्षी, त्याने २:०१:०९ असा विक्रम केला. पुढच्या एप्रिलमध्ये बोस्टनला तो सहावा आला आणि तो संपला अशी चर्चा सुरू झाली. पाच महिन्यांनी त्याने बर्लिन पुन्हा २:०२:४२ मध्ये जिंकली. मार्च २०२४ मध्ये टोकियोला तो दहावा आला, आणि या वेळी मात्र ऑगस्टमध्ये पॅरिसची ऑलिंपिक मॅरेथॉन त्याला पूर्ण करता आली नाही. वरवर पाहता दोन्ही वसंत सारखेच होते. त्याच २०२४ च्या एप्रिलमध्ये इथिओपियाचा केनेनिसा बेकेले एक्केचाळिसाव्या वर्षी लंडनला २:०४:१५ वेळेत दुसरा आला. गेल्या आठ-दहा वर्षांत आलेल्या कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळात कार्बनची ताठ पट्टी असलेल्या, बुटांनी सगळ्यांच्याच वेळा खाली आणल्या आहेत, त्यामुळे जुन्या आकड्यांशी थेट तुलना करताना हात आखडता ठेवावा लागतो.

आपल्या जिल्ह्याने धावपटूचा ऐन बहर पाहिला आहे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावे स्थान मिळवले. तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. अव्वल धावपटूची पस्तिशी-चाळिशी जवळून पाहण्याची संधी मात्र आपल्याला क्वचित मिळते, कारण आपल्याकडे बहुतेकजण त्याआधीच नोकरीकडे वळतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

जे थोडे टिकून राहतात त्यांच्यासाठी आपल्याकडचा काळही अवघड आहे. ट्रॅकचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये, ऊन वाढत असताना सुरू होतो, आणि उन्हात लांब पल्ल्याची वेळ कोणत्याही वयात घसरते. अशा धावपटूच्या वहीत मार्चच्या वेळेशेजारी त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ लिहिलेली मी पाहिली आहे, आणि ती पाहून त्याचा पडलेला चेहराही. तिथे गेल्या तीन वर्षांच्या मार्चमधल्या वेळा, त्या सकाळचे तापमान, उठल्या उठल्या मोजलेली नाडी आणि आधीच्या सहा आठवड्यांत किती वेगाचे सराव झाले, एवढे लिहिलेले असावे. तीन मार्च एका ओळीत आले की उतरण वयाची आहे की तयारीची, हे त्याला स्वतःलाच वाचता येते.