मुलांसोबत काम करायचंय? चारित्र्य पडताळणीचा दाखला कोणाला लागतो, कसा काढायचा

बालगृहात दर रविवारी गणित शिकवायला जाणारा कॉलेजचा मुलगा, स्कूल बसमधल्या मावशी, क्रिकेट अकादमीतला प्रशिक्षक, पाळणाघरातली ताई, वसतिगृहाचा रात्रपाळीचा वॉचमन. कामं वेगवेगळी, पण प्रत्येकाच्या ताब्यात काही वेळ दुसऱ्याची लेकरं असतात. म्हणून या सगळ्यांकडे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हवं. बोलताना आपण त्याला पोलीस व्हेरिफिकेशन म्हणतो. वस्तीतल्या अभ्यासवर्गासाठी स्वयंसेवक जमवण्याचं काम मी करते. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

नियम काय म्हणतो

पॉक्सो म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याखालचे नवे नियम ९ मार्च २०२० पासून लागू झाले. त्यातल्या तिसऱ्या नियमानुसार, मुलं जिथे राहतात किंवा मुलांशी जिथे नेहमी संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी यांची नावंच नियमात आहेत. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, सुटका कोणालाच नाही. आणि ही पडताळणी एकदाच करून भागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा करायची आहे.

‘कंत्राटी’ हा शब्द अधोरेखित करून वाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. ज्याच्यावर आरोप होता तो सफाई कर्मचारी कंत्राटी होता आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला कामावर आला होता. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या शासन निर्णयात शाळांसाठी सीसीटीव्ही, तक्रारपेटी यांच्या बरोबरीने कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणीही आली. ‘माणसं एजन्सी देते, कागद त्यांच्याकडे असतील’ हे उत्तर मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. ते मान्य करू नका. मूल एजन्सीच्या नव्हे, तुमच्या आवारात आहे. दाखल्याची प्रत तुमच्या फाइलला लागलीच पाहिजे.

आता स्वयंसेवकांचं. नियमाची भाषा कर्मचाऱ्यांबद्दल बोलते, पगार न घेणाऱ्या ताई-दादांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. हीच फट आहे. पगारी माणसाची चौकशी होते, आणि ‘सेवा करायला आलाय’ म्हणून स्वयंसेवकाला थेट मुलांत बसवलं जातं. मुलांना यातला फरक कळत नाही. उलट खाऊ आणणाऱ्या, लाड करणाऱ्या दादावर त्यांचा विश्वास लवकर बसतो. त्यामुळे माझ्या मते स्वयंसेवकालाही तोच नियम लावावा, आणि दाखला हातात येईपर्यंत त्याला मुलांसोबत एकटं सोडू नये.

अर्ज कसा करायचा

महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन होतो, महाराष्ट्र पोलिसांच्या ‘पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस’ या संकेतस्थळावर. आधी स्वतःचं खातं उघडा, मग आपलं आयुक्तालय किंवा जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडून अर्ज भरा, कागदपत्रं चढवा, शुल्क ऑनलाइन भरा. अर्ज क्रमांक मिळेल तो जपून ठेवा. शहरांत अर्ज आयुक्तालयाच्या विशेष शाखेमार्फत फिरतो, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत. तिथून तो तुमच्या ठाण्यात येतो. ठाण्यातून फोन आला की मूळ कागद घेऊन जायचं. अभिलेख तपासून अहवाल वर गेला की दाखला तयार होतो.

कागदपत्रांत चार गोष्टी लागतात: फोटो, ओळखीचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि जन्मतारखेचा पुरावा. आधार, लाइट बिल किंवा रेशन कार्ड, आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढं जवळ असलं तर बहुतेकांचं काम होतं. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार काढून ठेवा. हॉस्टेलला असाल तर रेक्टरचं पत्र घ्या. शिवाय ज्या संस्थेत काम करणार तिचं लेटरहेडवरचं पत्र हवं. त्यात ‘सामाजिक कार्यासाठी’ असं मोघम लिहू नये. काम कोणतं, कुठे आणि मुलांशी थेट संपर्क येणार आहे, हे स्पष्ट असावं. ठाण्यातल्या माणसाला दाखला कशासाठी हवा ते कळलं की पुढचे प्रश्न कमी होतात.

अर्ज अडकतात ते बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, नावातला फरक: आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो, म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवावी. दुसरं, पत्ता. अनेक जण गावाकडचा आधारवरचा पत्ता देतात आणि राहतात पुण्यात. मग गावचं ठाणं म्हणतं माणूस इथे नाही, आणि पुण्याच्या ठाण्याकडे अर्जच नाही. सध्या जिथे राहता तो पत्ता आणि कायमचा पत्ता, दोन्ही खरे लिहा. मधल्या काळात दुसऱ्या शहरात राहिला असाल तर तेही लपवू नका.

शुल्क अर्ज भरतानाच दिसतं. त्याशिवाय कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. अर्ज फार दिवस हलला नाही तर अर्ज क्रमांकासह लेखी विचारणा करा. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

नावावर केस असेल तर

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. पहिली गोष्ट, खरं सांगा. नोकरीच्या पडताळणी अर्जात माहिती लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तत्त्वं घालून दिली. अटक, शिक्षा, निर्दोष सुटका, चालू खटला, जे विचारलं असेल त्याचं उत्तर खरंच हवं. पण लपवलेली गोष्ट कामाच्या दृष्टीने किती गंभीर आहे हेही मालकाने पाहायचं आहे. संस्थेनेही हाच विवेक ठेवावा. मोर्च्यात जमावबंदी मोडल्याची केस आणि लहान मुलाला इजा केल्याची केस एका तराजूत घालता येत नाही. पहिल्या माणसाचं म्हणणं ऐकून घेऊन ठरवता येईल. दुसऱ्याला खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुलांच्या कामावर घेऊ नये, यावर माझ्यापुरती तडजोड नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. अल्पवयात ज्याच्या हातून गुन्हा घडला आणि ज्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे निकाली निघालं, त्याची ती नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायला पोलिसांना मनाई आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्ये ते स्पष्ट आहे. कलम २४ प्रमाणे त्या नोंदीमुळे एरवी कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालून निर्णय झाला त्याचा. निरीक्षणगृहात वाढलेले काही तरुण पुढे त्याच मुलांसाठी काम करायला येतात. त्यांना ‘लहानपणी काही केलं होतंस का’ असं विचारून परत मागे ढकलू नका.

परदेशातून आलेले आणि तिकडे जाणारे

परदेशात राहून परतलेल्या स्वयंसेवकाची तिथली नोंद आपल्या ठाण्यात दिसणार नाही. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांनी ॲक्रो या तिथल्या गुन्हेगारी नोंदींच्या कार्यालयाचं पोलीस प्रमाणपत्र मागवावं, अमेरिकेत राहिलेल्यांनी एफबीआयचं, ऑस्ट्रेलियात राहिलेल्यांनी तिथल्या फेडरल पोलिसांचं. उलट, तिकडे जाऊन शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत शिकवायचं असेल, तर भारतातलं पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत काढावं लागतं. स्थानिक ठाण्याचा दाखला तिथे पुरत नाही. तिथे पोचल्यावर त्या देशाची तपासणी वेगळी असते. ब्रिटनमधली डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, स्वयंसेवकांसाठी मोफत आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा मुलांसोबत काम करण्याचा परवाना पाच वर्षं चालतो आणि स्वयंसेवकाला त्याचेही पैसे पडत नाहीत.

ब्रिटनमध्ये मुलांसोबत काम करायला बंदी घातलेल्यांची यादी असते आणि पात्र कामांसाठी डीबीएसमधून ती तपासली जाते. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. शाळेला किंवा संस्थेला तिच्यात नाव शोधता येत नाही. म्हणून दाखल्यापलीकडची चौकशी आपल्यालाच करावी लागते.

दाखला हातात आल्यावर

ज्याच्याविरुद्ध कोणी कधी तक्रारच केली नाही, त्याचाही दाखला कोराच येतो. मुलांवरच्या अत्याचाराच्या किती गोष्टी घरातच दाबल्या जातात हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे आधी जिथे काम केलं तिथल्या दोन माणसांना मी स्वतः फोन करते. विचारते एकच, ‘तुम्ही याला परत मुलांसोबत घ्याल का?’ समोरचा जरा जरी थबकला तरी मी पुढे विचारते. अचानक काम सोडण्याचं कारण, दोन नोकऱ्यांमधला रिकामा काळ, हेही बघते. वर्गात कायम दोन मोठी माणसं, मुलाला एकट्याने घरी सोडायचं नाही, वैयक्तिक नंबरवरून मुलांना मेसेज नाही, बालगृहातल्या मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर नाहीत. ही शेवटची गोष्ट बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हाही ठरू शकते.

स्वयंसेवकानेही संस्थेला उलट विचारावं: बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालची नोंदणी आहे का? मुलाने काही सांगितलं तर तक्रार कोणाकडे करायची? पॉक्सोखाली गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असावा.

‘ठरावीक काळाने’ म्हणजे किती वर्षांनी, हे नियमात लिहिलेलं नाही. आम्ही दोन वर्षं धरली आहेत. मधल्या वर्षी प्रत्येकाकडून एका पानाचं स्वयंघोषणापत्र घेतो, आणि दाखल्याची तारीख हजेरीच्या वहीत नावासमोर लाल शाईने लिहितो.