विमान-ओळख, छायाचित्रांवरून

विमान-ओळख, छायाचित्रांवरून : नाव, प्रकार वा काळ ठाऊक नसलेले जुने विमान छायाचित्राच्या आधारे निश्चित करण्याची पद्धत. एखाद-दुसरा प्रायोगिक नमुनाच बनला, तोही मोडीत निघाला आणि आराखडे हरवले, अशा विमानांच्या बाबतीत छायाचित्र हाच मुख्य पुरावा उरतो.

दुसऱ्या महायुद्धात टेहळणी करणाऱ्यांना पंख, इंजिन, धड व शेपूट या क्रमाने विमान पाहण्यास शिकवीत. परिचित विमानांना हा क्रम पुरतो. दुर्मिळ विमानांच्या बाबतीत मात्र एकूण आकारावर विसंबता येत नाही. टेकूंचे जोड, एक्झॉस्ट नळ्यांची संख्या, चाकांच्या दांड्यांची बैठक असे बांधणीचे बारकावेच निर्णायक ठरतात.

हवाई छायाचित्रांत आकारमान मोजता येते. भिंगाचे केंद्रांतर (फोकल लेंग्थ) आणि उड्डाणाची उंची यांवरून प्रमाण निघते. ३६ इंची केंद्रांतराच्या भिंगाने ३०,००० फुटांवरून टिपलेल्या चित्राचे प्रमाण १:१०,००० येते. त्यात ९·३ मी. पंखविस्ताराचे विमान जेमतेम ०·९ मिमी. दिसते. ब्रिटनच्या मेडमनम येथील हवाई छायाचित्र-विश्लेषण केंद्रातील कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ मध्ये जर्मनीतील पेनेम्युंडे येथील चित्रांत आडवे शेपूट नसलेले एक अपरिचित विमान हेरले. अंदाजे ३० फूट पंखविस्तारावरून त्याला ‘पेनेम्युंडे ३०’ हे तात्पुरते नाव मिळाले. पुढे ते मेसरश्मिट मी १६३ हे जर्मन रॉकेट-विमान असल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या टेहळणी-चित्रात प्रक्षेपण-उतारावर ओळखले गेलेले व्ही-१ हे उडते अस्त्र तर याहूनही लहान होते.

कृष्णधवल चित्रांत रंगांचा अर्थ लावणे सर्वांत फसवे. तांबड्या प्रकाशाला संवेदनशील नसलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा, पिवळा बराच गडद आणि निळा फिकट उमटतो. त्यामुळे पिवळ्या रंगाचे प्रशिक्षण विमान काळपट भासते, तर ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकार राष्ट्रचिन्हाचे निळे कडे उडून गेल्यासारखे दिसते. सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या पँक्रोमॅटिक फिल्मवर तांबडी गाळणी (फिल्टर) लावल्यास याच्या उलट होते. म्हणून फिल्मचा प्रकार ठरल्याशिवाय रंगसंगतीवरून पथक वा देश ठरवू नये. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर जपानी तांबड्या गोलाशी गल्लत टाळण्यासाठी १९४३ च्या सुमारास ब्रिटिश चिन्हातील तांबडा रंग काढण्यात आला. त्या आघाडीवरील चित्रे पाहताना हा बदल ध्यानात घ्यावा लागतो. निगेटिव्ह उलटी छापली गेल्यास डावे-उजवे बदलते. अक्षरे दिसत नसतील तर प्रोपेलरच्या पात्यांचा पीळ किंवा माणसांच्या कोटाची बटणे पाहून ते पकडता येते.

या पद्धतीची मर्यादा गुस्ताव्ह व्हाइटहेड प्रकरणात ठळकपणे दिसते. मूळच्या बव्हेरियातील या यंत्रकाराने १४ ऑगस्ट १९०१ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाआधी, अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात इंजिनाच्या बळावर उड्डाण केले, असा दावा आहे. त्या उड्डाणाच्या वृत्तपत्रातील बातमीसोबत चित्र होते, पण ते हाताने काढलेले. जानेवारी १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात व्हाइटहेडच्या यंत्राचे एक अस्पष्ट छायाचित्र मांडले होते, असा उल्लेख तत्कालीन नियतकालिकात आढळतो. २०१३ मध्ये संशोधक जॉन ब्राउन यांनी त्या प्रदर्शनाच्या भिंतीचे जुने छायाचित्र बरेच मोठे करून त्यातील एक पुसट चौकट म्हणजेच ते चित्र असल्याचे प्रतिपादन केले. जेन्स या प्रतिष्ठित विमान-वार्षिकाच्या संपादकांनी प्रस्तावनेत दाव्याला पाठिंबा दिला व कनेटिकटने त्याच वर्षी तसा कायदाही केला. मात्र ते संपादकांचे वैयक्तिक मत असल्याचे जेन्सच्या प्रकाशकांनी नंतर स्पष्ट केले. राइट बंधूंचे विमान जतन करणाऱ्या अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या अभ्यासकांनी दावा अमान्य केला. राइट यांच्या विमानाआधी दुसरे कोणते उडाले असे न म्हणण्याची अट घालणाऱ्या, त्यांच्या वारसांशी १९४८ मध्ये झालेल्या करारामुळे ही संस्था निष्पक्ष नाही, असा समर्थकांचा आक्षेप आहे. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही, परंतु चित्रात काय आहे या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. विमानेतिहासाचे अभ्यासक कॅरल ग्रे यांनी त्या चौकटीची तुलना स्पष्ट मूळ प्रतीशी करून ती अमेरिकी ग्लायडर-निर्माते जॉन माँटगोमेरी यांच्या १९०५ मधील ग्लायडरची असल्याचे दाखविले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्राउन यांचा भर पुसट रेषांच्या साम्यावर होता, तर ग्रे यांच्याकडे ताडून पाहण्यास दुसरी, स्वच्छ प्रत होती.

अलीकडे बनावट चित्रांची भर पडली आहे. कालिनिन के-७ हे सोव्हिएट विमान १९३३ मध्ये खरोखर उडाले, ५३ मी. पंखविस्ताराचे ते यंत्र मुळातच अवाढव्य होते. तरीही तोफांचे बुरूज लादलेली संगणकनिर्मित चित्रे त्याच्या नावावर सर्रास फिरतात.

भारतातील मुलकी विमाने व्हीटी या आद्याक्षरांनी ओळखली जातात. हा संकेत येण्यापूर्वी १९१९ च्या पॅरिस हवाई करारान्वये जी-आय हा संकेत होता. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले ते व्हीटी-एडीएन या पस मॉथ विमानातून. १९८२ मधील स्मृति-उड्डाण मात्र लेपर्ड मॉथमधून झाले. दोन्ही बंदिस्त कक्षाची एकपंखी विमाने आहेत, पण पस मॉथचे पंख बुंध्यापासून जवळपास टोकापर्यंत सारख्या रुंदीचे आणि चाकाची उभी लांब दांडी पंखाच्या मुळाशी गेलेली; लेपर्ड मॉथचे पंख टोकाकडे निमुळते आणि दांडीचा जोड पुढे, इंजिनामागील पडद्यापाशी. लेपर्ड मॉथचे पहिले उड्डाणच १९३३ चे असल्याने, या विमानाचे कोणतेही चित्र १९३२ चे असू शकत नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याचे सांगितले जाते. त्याचे सर्वमान्य छायाचित्र नसल्याने तो दावा या पद्धतीने तपासता येत नाही.