लेखन कार्यशाळेला येण्याआधी

ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांनी घरातल्या कुणाकडून तरी हे मोठ्याने वाचून घ्या.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही दर शनिवारी दुपारी तीन ते पाच बसतो. ही वेळ धुणीभांडी करणाऱ्या ताईंनीच ठरवून दिली. सकाळची घरं आटोपलेली असतात आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात. वस्तीत सहाजणी जमल्या तर आम्ही तिकडे येतो. अंगणवाडी, समाजमंदिर, कुणाचा ओटा, कुठेही बसू. फी नाही. वही-पेन आम्ही देतो.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे : "मला लिहिताच येत नाही, मी येऊन काय करू?" तुम्ही सांगायचं. आमची एक ताई तुमच्या शब्दांत उतरवून घेईल आणि लगेच वाचून दाखवेल. "असं नाही म्हटलं मी" म्हणालात की ती ओळ खोडली.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतरची गोष्ट. एक मावशी "पाणी आलं, सगळं गेलं" एवढंच म्हणून गप्प झाल्या. आम्ही विचारलं, पाणी उतरल्यावर घरात पहिला हात कशाला लावलात? म्हणाल्या, पिठाच्या डब्याला. वरून कोरडं दिसलं म्हणून आत हात घातला. ताईने लिहिलं, "खाली पीठ ओलं होतं." मावशींनी तिथेच अडवलं : "ओलं नव्हतं गं, आंबलं होतं. हाताला वास राहिला दोन दिवस." मग अर्धा तास त्या थांबल्याच नाहीत. म्हणून आम्ही 'माझा आवडता सण' असले विषय देत नाही. डबा, किल्ली, रेशनकार्ड, तुटलेली चप्पल, इथून सुरुवात करतो.

भाषेची काळजी नको. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात मराठी आणि बाजारात गुजराती. बोलता बोलता गुजराती शब्द आला तर तो तसाच राहील. ऱ्हस्व-दीर्घ छापण्याआधी आम्ही बघू, पण तुमचा शब्द तुम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढे इथूनच लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं गावोगाव जाऊ लागली. त्याच शहरात आज आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींची शाळा तिसरी-चौथीत सुटलेली आहे, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. तुमचं लिखाण छापलेलं, तुमच्या नावासकट, कपाटात उभं राहावं ही आमची धडपड आहे.

आठ शनिवारांनंतर पुस्तिका निघते. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. दुमडीवर दोन पिना मारायच्या. पहिल्याच कागदाच्या एका बाजूला सोळावं आणि पहिलं पान शेजारी शेजारी येतं, हे बघून सगळ्या चकित होतात. झेरॉक्सचा खर्च आमचा. प्रत्येकीला पाच प्रती मिळतात.

लिखाणाची मालकी तुमची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्याबरोबर तयार होतो; त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही तोंडी सांगितलेलं आमच्या ताईने उतरवलं तरी ते तुमचंच, असं आम्ही संमतिपत्रातच लिहून देतो. हे पत्र आधी वाचून दाखवतो, मग सही किंवा अंगठा. टोपणनाव चालेल. छपाईला जाईपर्यंत कधीही "नको" म्हणा. इतकं काटेकोर का, तेही सांगतो. पहिल्या वर्षी एका ताईंचा मजकूर आम्ही त्यांना न विचारता एका कार्यक्रमात फलकावर लावला. तो सासरच्यांनी वाचला, घरात भांडण झालं आणि त्या परत आल्या नाहीत. चूक आमची होती. आता विचारल्याशिवाय फोटोसुद्धा काढत नाही.

घरच्यांनाही एक सांगायचंय : इथे कुणाला घरातलं उकरून काढायला लावत नाहीत. जे नको वाटेल ते सांगू नये. प्रमाणपत्र मिळत नाही, नोकरीही लावून देत नाही. तसं कुणी आमच्या नावाने सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

लहान मुलांना बरोबर आणलंत तरी चालेल, त्यांच्यासाठी चटई आणि रंगीत खडू आहेत. जिना उभा आहे; गुडघे दुखत असतील तर खालून हाक मारा, आम्ही अंगणात बसू. पहिल्या दिवशी येताना घरातली रोज हाताळायची एक वस्तू पिशवीत टाकून आणा.