डबा, रंग आणि आकार : घरगुती वस्तूंच्या सारखेपणाच्या वादांची पार्श्वभूमी

विलेपार्ल्याच्या पार्ले प्रॉडक्ट्सने ग्लुको बिस्किटांच्या पुड्याचे वेष्टन डिसेंबर १९४२ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवले. नोंदणी नुसत्या नावाची नव्हती; रंगसंगती, मांडणी, मजकुराची जुळणी अशा सगळ्या वेष्टनाचीच होती. पुढे म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीचा पुडा बाजारात आला आणि तो आपल्या वेष्टनासारखा आहे म्हणून पार्लेने दावा लावला. पार्लेच्या पुड्यावर हातात बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या, मागे घर आणि झाडे. दुसऱ्या पुड्यावर डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा घेतलेली मुलगी, पुन्हा गाई-कोंबड्या, मागे घर आणि कुंपण. खालच्या न्यायालयाने आणि म्हैसूर उच्च न्यायालयाने दोन्ही चित्रांतले फरक मोजले आणि दावा फेटाळला.

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हा निर्णय फिरवला. दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधणे हीच चूक आहे, असे त्याने सांगितले. गिऱ्हाईक एक पुडा आज घेते आणि दुसरा काही दिवसांनी, तेही अर्धवट आठवणीच्या भरवशावर. तेव्हा ठळक आणि मूळ वैशिष्ट्ये सारखी आहेत का, एवढेच पाहायचे. आजही साबण, फिनेल, डास मारायचे औषध यांवरचा कोणताही वाद सुरू झाला की वादीचा वकील आधी या निकालाकडे जातो. प्रतिवादीचा वकील मात्र दोन डब्यांतल्या पंधरा फरकांचा तक्ता घेऊन येतो, आणि तो तक्ता बहुधा वाया जातो.

तक्ता कुठे चालतो आणि कुठे नाही, हे १९६५ च्या नवरत्न फार्मास्युटिकल प्रकरणापासून स्पष्ट आहे. नोंदणीकृत चिन्हाचा मूळ भाग उचलला असेल, तर वेष्टन, लेबल, किंमत वेगळी असूनही उपयोग नाही; उल्लंघन झालेच. नोंदणी नसेल आणि दावा ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा असेल, तर प्रतिवादीला सुटका आहे. आपला माल ओळखता येईल इतका वेगळेपणा त्याने जोडला आहे, हे त्याने दाखवावे. घरगुती वस्तूंचे बहुतेक वाद या दुसऱ्या प्रकारात मोडतात, कारण नाव सगळेच नोंदवतात, पण डब्याचा रंग आणि बाटलीचा आकार नोंदवायचा राहून जातो.

नाव वेगळे लिहिले की पुरेसा वेगळेपणा येतो का? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा कस एका प्लास्टिकच्या लिंबावर लागला. रेकिट अँड कोलमनचा ‘जिफ’ लिंबूरस १९५६ पासून लिंबाच्या आकाराच्या पिचकारी बाटलीत विकला जात होता. बॉर्डन कंपनीने तशाच बाटल्या आणल्या, स्वतःचे लेबल लावून. गिऱ्हाईक लेबल वाचतच नाही, आकार पाहून उचलते, हे पुराव्यातून पुढे आले आणि १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, बॉर्डनला रोखले. एका लॉर्डने सहमती देताना खेदही व्यक्त केला, कारण लिंबूरसासाठी लिंबाचा आकार एकाच कंपनीच्या हाती जात होता. ती शंका रास्त होती. पण याच निकालात लॉर्ड ऑलिव्हर यांनी मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे बाजारातला नावलौकिक, दिशाभूल आणि नुकसान, भारतीय न्यायालये आज सर्रास वापरतात.

आपल्याकडे रंग आणि आकाराला कायद्याच्या व्याख्येत उघड जागा मिळाली ती १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने. तो १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला. वस्तूचा आकार, तिचे वेष्टन आणि रंगांचा संयोग हे तिन्ही आता ‘चिन्हा’त येतात. साधारण सहा आठवड्यांतच दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेट विरुद्ध अँकर प्रकरणात निकाल दिला. वाद दंतमंजनाच्या डब्याचा होता : एक तृतीयांश लाल, दोन तृतीयांश पांढरा. कोलगेट आणि अँकर या नावांत काहीच साम्य नव्हते. तरीही अँकरला त्याच क्रमातली लाल-पांढरी रंगसंगती वापरण्यास तात्पुरती मनाई झाली, कारण निकष अक्षरओळख नसलेल्या, भोळ्या गिऱ्हाइकाचा लावला गेला. ज्या देशात दंतमंजन ‘लाल डबा द्या’ म्हणून मागितले जाते, तिथे हा निकष योग्यच होता, असे आमचे मत आहे.

२००४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे झुरळ-मुंग्यांसाठीच्या ‘लक्ष्मणरेखा’ खडूचा वाद होता. मायडस हायजीनच्या पाकिटाचे लाल, पांढरा, निळा हे रंग प्रतिवादीच्या पाकिटावरही होते. उल्लंघन दिसत असेल तर मनाई मिळालीच पाहिजे; केवळ दाव्याला उशीर झाला म्हणून ती नाकारता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. २००७ मध्ये ग्लुकॉन-डी आणि ग्लुकोज-डी यांच्या हिरव्या पाकिटांवरचे हसरे कुटुंबही याच मार्गाने गेले आणि ग्लुकोज-डी काढणाऱ्या डाबरला मनाई झाली.

मात्र रंग कुणाला लगेच मिळत नाही. आयटीसीने फेब्रुवारी २०१६ मध्ये पिवळ्या-निळ्या पाकिटात डायजेस्टिव्ह बिस्किटे आणली, ब्रिटानियाने त्याच वर्षी तशाच रंगात आपली आणली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मनाई दिली, पण मार्च २०१७ मध्ये खंडपीठाने ती उठवली. काही महिन्यांत रंगसंगती लोकांच्या मनात एका कंपनीशी पक्की जोडली जात नाही, हे त्यामागचे मुख्य कारण.

इथेच उत्पादकांची सर्वांत मोठी गल्लत होते. ट्रेडमार्क आणि पासिंग ऑफला वस्तू जुनी, ओळखीची, लोकांनी भरपूर पाहिलेली हवी. वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देणाऱ्या डिझाइन कायद्याला ती नवी, कुणीच न पाहिलेली हवी. पहिली गरज काळ गेल्यावरच भागते, दुसरी फक्त बाजारात येण्याआधी. त्यामुळे नवी बाटली आणणाऱ्याला पहिली काही वर्षे संरक्षण मिळते ते डिझाइन नोंदणीचेच. ती १० वर्षे टिकते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते. ट्रेडमार्क दर १० वर्षांनी कितीही वेळा नूतनीकरण करता येतो.

डिझाइन अर्जाच्या आधी वितरकांना फोटो पाठवला, कॅटलॉग छापला किंवा वेबसाइटवर चित्र टाकले की नावीन्य संपते. नंतर मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते, आणि रद्द करण्याचे प्रत्येक कारण प्रतिवादीला दाव्यात बचाव म्हणून वापरता येते. प्रदर्शनात मांडायचेच असेल, तर सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती सवलत आहे : डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकाला आधी सूचना द्यायची आणि मांडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करायचा. ‘चित्र आमचे आहे, कॉपीराइट आहेच’ हा भरवसाही पोकळ ठरतो. नोंदवता येण्याजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि त्यावरून औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग काढले, की त्यातला कॉपीराइट कायद्यानेच संपतो.

आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवताना वेगळी अडचण येते. वस्तूच्या स्वरूपातूनच येणारा, तांत्रिक परिणामासाठी लागणारा किंवा वस्तूला मोठे मोल देणारा आकार नोंदवता येत नाही. संडास साफ करायच्या द्रवाच्या बाटलीची मान वाकडी असते ती कडेखाली पोहोचण्यासाठी. तेवढ्या वाकावर हक्क सांगणारा अर्ज याच आक्षेपावर अडकेल. अर्जात कामाशी संबंध नसलेल्या रेषा, खोबणी, प्रमाण यांवर भर द्यावा आणि वर्णनासोबत वेगवेगळ्या बाजूंची चित्रे जोडावीत.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावेत. पहिला २०१४ चा : व्हर्लपूलने व्हिडिओकॉनला धुलाई यंत्राच्या डिझाइनवरून कोर्टात खेचले होते. व्हिडिओकॉनचा बचाव असा : आमच्याकडेही नोंदणी आहे, नोंदणीधारकावर दावा चालत नाही. तो मान्य झाला नाही. आधीचा नोंदणीधारक नंतरच्यावर दावा करू शकतो. डिझाइन परीक्षकाने आपला अर्ज मंजूर केला म्हणजे आपण सुरक्षित, असे समजणाऱ्यांना हा निकाल महागात पडतो. २०१७ मध्ये सेलोच्या ‘प्युरो’ पाण्याच्या बाटलीसारखी ‘कुडोझ’ बाटली आणल्याबद्दल मॉडवेअरला मनाई झाली. एका जुन्या बाटलीची मान, दुसरीचा पट्टा, तिसरीचे झाकण असे तुकडे जोडून नावीन्य खोडता येत नाही. ते सगळे रूप एकाच जुन्या बाटलीत दाखवावे लागते. शिवाय डिझाइनचा निर्णय डोळ्याने होतो, त्यामुळे वेगळे नाव तिथे कामाला येत नाही.

डिझाइन आणि पासिंग ऑफ हे दोन्ही मुद्दे एकाच दाव्यात घेता येतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०१८ मध्ये कार्ल्सबर्ग प्रकरणात ठरवले. तोवर दोन दावे, दोनदा पुरावा असा खर्च होत असे.

खरी लढाई तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच होते. डिझाइनच्या चोरीसाठी कायद्यातली ठरीव रक्कम प्रत्येक उल्लंघनास २५,००० पर्यंत आणि एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५०,००० रुपये आहे. साच्यावर लाखो रुपये घालणाऱ्या उत्पादकाला तिचे काय होणार? म्हणून पहिल्याच तारखेला हातात हवे ते हे : वर्षवार विक्री आणि जाहिरात खर्चाचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र, प्रत्येक वर्षाची निदान दोन-चार बिले, वेष्टन केव्हा कसे बदलले याची तारखेसह चित्रे, आणि दोन्ही वस्तूंचे खरे नमुने. दर दोन वर्षांनी डबा बदलणाऱ्या कंपनीची जुनी बिले नव्या डब्याचा लौकिक सिद्ध करत नाहीत, आणि बरेच दावे नेमके तिथे कोसळतात. एकल न्यायाधीशांनी मनाई दिली किंवा नाकारली, की १९९० च्या वाँडर विरुद्ध अँटॉक्स निकालानुसार अपिलात ती सहसा बदलत नाही. निर्णय मनमानी किंवा प्रस्थापित तत्त्वे डावलणारा असेल तरच वरचे न्यायालय हात घालते. तोवर प्रतिवादीचा साचा बदललेला असतो किंवा वादीने बाटलीचे रूप बदललेले असते, आणि मूळ दावा सुनावणीला येण्याआधीच तडजोड होते.