वारा संपतो तिथलं शहर : किल्वा

टांझानियाचा नकाशा उघडा आणि दार-ए-सलामपासून किनाऱ्याकिनाऱ्याने साधारण तीनशे किलोमीटर दक्षिणेला या, तिथे जमिनीला अगदी चिकटून एक छोटंसं बेट दिसेल, किल्वा किसिवानी. आज तिथे एक गाव, नारळाची झाडं, गोरखचिंचेची जाडजूड खोडं आणि पडक्या दगडी भिंती आहेत. पण तेराव्या-चौदाव्या शतकात झिंबाब्वेच्या पठारावरचं सोनं जगात जायचं ते बहुतेक याच बेटाच्या हातून. आणि गंमत म्हणजे सोन्याची एकही खाण किल्व्याच्या जवळपास नाही. सोनं यायचं सोफाला बंदरातून, ते आजच्या मोझांबिकमध्ये, किल्व्याच्याही खाली हजारपेक्षा जास्त किलोमीटर. मग व्यापारी सरळ सोफालालाच का जात नव्हते, मधल्या या बेटाला एवढा भाव का? मला या शहराची ओढ लागली ती याच प्रश्नामुळे, आणि त्याचं उत्तर राजकारणात शोधायच्या आधी हवेत शोधावं लागतं.

आपल्याला मान्सून म्हटलं की पाऊस आठवतो, पण शिडाच्या जहाजावरच्या माणसासाठी मान्सून म्हणजे वाऱ्याची दिशा. हिवाळ्यात आशियाची प्रचंड जमीन समुद्रापेक्षा भराभर थंड होते, तिच्यावरची हवा जड होते, दाब वाढतो आणि ती हवा समुद्राकडे वाहायला लागते, हा ईशान्य मान्सून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर याला कास्काझी म्हणतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत तो जहाजांना अरबस्तान, गुजरात, कोकण इथून खाली आफ्रिकेकडे ढकलतो. एप्रिलपासून सगळं उलटं होतं, जमीन तापते, दाब कमी होतो, आणि दक्षिण गोलार्धातले आग्नेयेचे वारे विषुववृत्त ओलांडून वर येतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे दक्षिणेत वारा डावीकडे वळतो आणि उत्तरेत उजवीकडे, म्हणून विषुववृत्त ओलांडलं की हाच आग्नेयेचा वारा वळून नैऋत्येचा होतो. किनाऱ्यावर याचं नाव कुसी. पूर्व आफ्रिकेची उंच पठारं याला पश्चिमेकडे पसरू देत नाहीत, त्यामुळे तो दाटून, साधारण दीड किलोमीटर उंचीवर फार वेगाने सोमालियाजवळून अरबी समुद्रात शिरतो, शास्त्रज्ञ त्याला सोमाली जेट म्हणतात. आणि जूनमध्ये सह्याद्रीवर जो पाऊस कोसळतो तो आणणारा वारा हाच, म्हणजे आपल्या कोकणातल्या पावसाचा वारा आधी या स्वाहिली किनाऱ्यावरून (पूर्व आफ्रिकेचा हा किनारा आणि तिथले लोक, भाषा यांना स्वाहिली म्हणतात) येतो!

आता यात अडचण कुठे आहे बघा. कास्काझी जसजसा दक्षिणेला जातो तसतसा ढिला पडत जातो. वर मोगादिशू, लामू, मोंबासापर्यंत तो भरवशाचा असतो, किल्व्यापर्यंत कसाबसा पोचवतो, त्याच्या खाली मात्र त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. त्यात टांझानियाच्या किनाऱ्यालगतचा समुद्री प्रवाह वर्षभर उत्तरेकडेच वाहतो, म्हणजे खाली जाणाऱ्याला पाण्याशीही झगडायचं. भारतातून किल्व्यापर्यंतचं अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास, वारा चांगला असेल तर महिना-दीड महिना लागणार. जानेवारीत निघालेलं जहाज फेब्रुवारी-मार्चमध्ये पोचलं की माल विकून नवा माल भरायचा, आणि कुसीच्या सुरुवातीला, तो खवळायच्या आत, परत निघायचं. जून-जुलैत हा वारा एवढा पिसाळतो की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंदच असायची (आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो तो यामुळेच). हुकलं तर ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तिथेच मुक्काम.

म्हणजे हिशोब असा, की किल्वा हे एका मोसमात जाऊन परत येता येण्याची साधारण शेवटची हद्द होती. सोफालाला जायचं तर आणखी एक वर्ष मोडायचं, आणि एक वर्ष म्हणजे जहाजात अडकलेला पैसा, खलाशांचं खाणं, किडे लागून सडणारी लाकडं. हा खर्च परदेशी व्यापाऱ्याला परवडत नव्हता, तर किल्व्याच्या लोकांनी तो आपल्या अंगावर घेतला, किनाऱ्याकिनाऱ्याने आपली छोटी गलबतं खाली नेली, सोनं आणि हस्तिदंत आणून वखारीत ठेवलं, आणि कास्काझीने आलेल्या जहाजांना ते तयार विकलं. वाऱ्यात जी फट होती ती त्यांनी भरून काढली, आणि त्याचे पैसे घेतले. माझ्या मते किल्व्याच्या श्रीमंतीचं यापेक्षा सरळ स्पष्टीकरण नाही. नुसत्या वाऱ्याने काही होत नाही हेही खरं, कारण याच अक्षांशावर दुसरी बेटंही होती, पण किल्व्याला आडोशाचं खोल नैसर्गिक बंदर होतं आणि सोफालावर ताबा मिळवण्याएवढी हुशारी तिथल्या राज्यकर्त्यांकडे होती.

पैसा आल्यावर बांधकाम आलं, आणि इथे रसायनशास्त्र सुरू होतं. बेटावर चांगला दगड नाही, जो आहे तो सगळा प्रवाळाचा. एक म्हणजे जुना प्रवाळखडक, लाखभर वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वर होती तेव्हाची प्रवाळाची रांग, जी पाणी उतरल्यावर कोरडी पडून घट्ट झाली. हा खडबडीत आणि टणक, भिंतींच्या भरावासाठी. दुसरा प्रकार फार सुंदर आहे, पोराइटीस नावाचं जिवंत प्रवाळ समुद्रातून कापून आणायचे. ओलं असताना ते मऊ असतं, सुरीने नक्षी कोरता येते, आणि हवेत वाळलं की कडक होतं. मिहराब (मशिदीतला नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा), दाराच्या चौकटी, कमानींच्या कडा यासाठी हेच. म्हणजे कारागिराच्या हातात वेळ थोडाच, समुद्रातून काढल्यावर वाळायच्या आत कोरायचं.

आणि या दोघांना जोडणारा चुनासुद्धा प्रवाळाचाच. लाकडाचा मोठा ढीग रचायचा, त्यावर प्रवाळाचे तुकडे टाकायचे आणि पेटवायचं. साधारण 900 अंश सेल्सियसला कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विरवला, वाळू मिसळून भिंतीत भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. छतासाठी खारफुटीचे वासे, आणि त्या वाशांची लांबी मर्यादित म्हणून स्वाहिली घरांच्या खोल्या लांबलचक पण अरुंद, रुंदी साधारण अडीच-तीन मीटरच्या पलीकडे क्वचित जाते. झाडाच्या मापाने घर ठरायचं.

किल्व्याची मोठी मशीद अकराव्या शतकात सुरू झाली, आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला घुमट आणि कमानीदार छताचा मोठा भाग जोडला गेला. त्याच काळात सुलतान अल-हसन बिन सुलेमानने समुद्राच्या कड्यावर हुसुनी कुब्वा नावाचा राजवाडा बांधायला घेतला, शंभरहून जास्त खोल्या, चौक, मालाच्या कोठारांची रांग, आणि कोरीव कडांचा आठ कोनी हौद. 1331 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला तो याच सुलतानाच्या वेळी. त्याला शहर जगातल्या सुंदर शहरांपैकी वाटलं, पण त्याने लिहिलंय की घरं लाकडाची आहेत! यावरून अभ्यासकांमध्ये बरेच वाद झाले, पण उत्खननात दिसतं ते दोन्हीला जागा देतं, दगडी वाडे मूठभर श्रीमंतांचे आणि आजूबाजूला कुडाची, मातीने लिंपलेली घरंच जास्त. ती पावसात विरघळून गेली म्हणून आज आपल्याला फक्त दगडाचं शहर दिसतं. पडक्या अवशेषांवरून एखाद्या समाजाचा अंदाज बांधताना हे नेहमी लक्षात ठेवायला हवं असं मला वाटतं, टिकतं ते श्रीमंतांचं.

या सुलतानाची तांब्याची नाणी छोटीशी आहेत, एका बाजूचा मजकूर दुसऱ्या बाजूच्या मजकुराशी यमकात जुळतो, आणि त्यातलं एक नाणं आत खूप दूर, झिंबाब्वेच्या पठारावरच्या ग्रेट झिंबाब्वे या जुन्या दगडी शहराच्या अवशेषांत सापडलंय. सोन्याच्या व्यापाराच्या दोन टोकांना जोडणारा यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा! 1944 मध्ये तर किल्व्याची पाच नाणी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या वेसेल बेटांवर वाळूत मिळाली, सोबत डच नाणीही होती, ती तिथे कशी पोचली याचं कोडं सुटलेलं नाही.

सोन्याच्या बदल्यात काय यायचं? चिनी मातीची भांडी, कापड, आणि काचेचे मणी. मण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात आपलं चौल येतं. काचेचा मणी दिसायला कुठलाही सारखाच, पण काच ज्या वाळूपासून बनते त्या वाळूची खूण काचेत राहते. लेझरने मण्याचा केसाएवढा कण उडवायचा आणि त्यातली मूलद्रव्यं मोजायची, बाकी मणी शाबूत राहतो. दक्षिण आशियात बनलेल्या काचेत अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) जास्त असतं, आणि त्यातही युरेनियम आणि बेरियमच्या प्रमाणावरून वेगवेगळे गट पडतात. त्यातला जास्त युरेनियम आणि कमी बेरियमवाला एक गट रायगड जिल्ह्यातल्या चौलला सापडतो, आणि तोच गट पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या शहरांतही सापडतो. मण्यांवर कुणी पत्ता लिहिला नव्हता, पण वाळूतल्या युरेनियमने तो सांगितला.

मग हे शहर बांधलं कुणी? किल्व्याची जुनी बखर सांगते की इराणमधल्या शिराझहून अली बिन अल-हसन नावाचा राजपुत्र आला आणि त्याने बेटाला वेढा बसेल एवढं कापड देऊन ते विकत घेतलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरेच युरोपियन अभ्यासक हे पुढे ताणून म्हणायचे की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब-इराणी लोकांनी येऊन वसवलेल्या या वसाहती, म्हणजे दगडी शहर बांधणं आफ्रिकन लोकांना जमेल हेच त्यांना पटत नव्हतं. उत्खननाचे थर वेगळं सांगतात. सगळ्यात खालच्या, नवव्या शतकाच्या आसपासच्या थरात स्थानिक पद्धतीची मडकी, लोखंड गाळल्याच्या खुणा, शंखशिंपल्यांचे मणी, म्हणजे गाव आधीच होतं.

2023 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक मोठा अभ्यास आला, त्यात स्वाहिली किनाऱ्यावरच्या आणि थोड्या आतल्या भागातल्या जुन्या दफनांमधल्या 80 माणसांचा डीएनए तपासला होता, किल्व्यातलेही सांगाडे त्यात होते. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए जवळजवळ सगळा आफ्रिकन निघाला, आणि वडिलांकडून येणाऱ्या वाय गुणसूत्रात आशियाई, मुख्यतः इराणी, वारसा मोठ्या प्रमाणात. थोडा भारतीय वारसाही आहे. हे मिश्रण इसवी सन 1000 च्या सुमारास सुरू झालं. म्हणजे बखरीतला शिराझी राजपुत्र अगदीच हवेतला नाही, इराणी व्यापारी खरंच आले, पण ते आधीपासून वसलेल्या आफ्रिकन घरांमध्ये जावई म्हणून आले, भाषा स्वाहिलीच राहिली, आणि ती बांटू या आफ्रिकन भाषाकुळातली आहे. मला हा निकाल फार आवडला, कारण त्याने त्या लोकांची स्वतःची आठवणही खरी ठरवली आणि बाहेरच्यांनी त्यांच्यावर लादलेली गोष्टही खोडून काढली.

पुढचं थोडक्यात. 1502 मध्ये वास्को द गामाने तोफांच्या धाकावर किल्व्याकडून सोन्याची खंडणी वसूल केली, लिस्बनमध्ये 1506 मध्ये तयार झालेलं बेलेमचं प्रसिद्ध सोन्याचं पूजापात्र त्याच सोन्याचं आहे. 1505 मध्ये फ्रान्सिस्कु द अल्मैदाने शहर लुटलं, किल्ला बांधला आणि तसाच पुढे भारतात येऊन पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय झाला. त्याचा मुलगा लोरेन्सु 1508 मध्ये चौलच्या लढाईत मारला गेला, म्हणजे पुन्हा तेच चौल. पोर्तुगीजांनी 1512 मध्ये किल्वा सोडलं पण सोन्याचा व्यापार मोडला तो मोडलाच. अठराव्या शतकात शहर पुन्हा थोडं उभं राहिलं ते माणसांच्या विक्रीवर, हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवरच्या मळ्यांना इथून गुलाम जायचे, आणि हा भाग कुठल्याही कौतुकाच्या लेखात गाळता कामा नये.

1981 पासून किल्वा आणि शेजारचं सोंगो म्नारा जागतिक वारसा यादीत आहेत. 2004 ते 2014 ते धोक्यातल्या वारशांच्या यादीतही होते, कारण लाटा किनारा खात होत्या आणि पोर्तुगीज किल्ल्याचा काही भाग तर समुद्रात गेलाच. खारफुटी तुटली की लाटांचा जोर थेट भिंतीवर येतो, म्हणून किनाऱ्यावर खारफुटी वाढवणं हे तिथे जतनाचंच काम आहे. भिंती दुरुस्त करतानाही सिमेंट चालत नाही, सिमेंट ओलावा आत कोंडून ठेवतं, प्रवाळाच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड आतून फुटतो. चुना श्वास घेऊ देतो, ओल आणि मीठ त्याच्यातून बाहेर पडतं, झिजला तर चुनाच झिजतो आणि मागचा सातशे वर्षांचा दगड वाचतो.