हजेरीपटावरची शांतता

“एकाच पोराला कांजिण्या आल्या. दहा दिवस झाले, आणखी कुणाला नाही. गेली साथ!” गणेशचवथीच्या तोंडावर गोव्यात डिचोलीतल्या एका पालकांचं हे बोलणं कानावर पडलं आणि लिहायला बसलो.

कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत 10 ते 21 दिवस जातात, बहुधा 14 ते 16. हा अधिशयन काळ. त्यातले शेवटचे एक-दोन दिवस मूल धडधाकट दिसतं, बाकावर बसतं आणि शेजारच्याला संसर्गही देतं. म्हणजे दहाव्या दिवशी कुणालाच पुरळ नसणं हे अपेक्षितच आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई हजेरीपटात नुसतं ‘गै’ लिहीत नाहीत. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षर टाकतात: ताप असेल तर ‘ता’, पुरळ ‘पु’, जुलाब ‘जु’. ही अक्षरं तारखेनुसार मांडली की साथीचा आकार दिसतो. एक ‘पु’, मग दोन आठवडे कोरे, मग पाच ‘पु’ असं दिसलं तर रोग मुलाकडून मुलाकडे चालला आहे. एकाच दुपारी बारा जणांना उलट्या झाल्या तर त्या दिवशीचा माध्यान्ह आहार तपासायचा. काविळीचं गणित मला सगळ्यात आवडतं. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा अधिशयन काळ 15 ते 50 दिवसांचा. पहिल्या रुग्णाच्या तारखेतून 15 वजा करायचे, शेवटच्याच्या तारखेतून 50. सगळे एकदाच बाधले असतील तर दोन्ही उत्तरं जवळजवळ येतात, आणि पाणी कधी दूषित झालं ते त्याच सुमारास सापडतं. हे सगळं रक्त न तपासता, नुसत्या तारखांवरून!

2004 साली देशात सुरू झालेलं एकात्मिक रोग सर्वेक्षणही पहिल्या पायरीवर लक्षणांचीच नोंद घेतं. म्हणून शाळेने आरोग्य केंद्राला दुसऱ्या ‘पु’ची वाट न पाहता कळवावं. संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत दिलेली लस कांजिण्या टाळू शकते किंवा सौम्य करते. वर्गावरच्या बाई गरोदर असतील तर त्यांना लस देत नाहीत, पण त्यांनी लगेच डॉक्टरांना गाठायला हवं.

अजूनही काही घरांत हे देवीचं येणं मानून लपवतात. ‘देवी’ हा रोगच वेगळा होता, आणि तो जगातून गेल्याचं 1980 साली जाहीर झालं. लपवलेलं मूल हजेरीपटावर नुसतं ‘गै’ राहतं.

आणि चवथीची सुट्टी लागली की हजेरीपट मिटतो. दुसरी लाट तेव्हाच आली, तर ती मूळ घरी, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली जमलेल्या चुलत-मावस भावंडांत उठेल. बाईंनी सुट्टीआधी त्या वर्गातल्या प्रत्येक घरी फोन केला.