खात्यात आलेला पैसा आणि कमावलेला महसूल

सबस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचे आर्थिक मॉडेल, म्हणजे पुढच्या जमाखर्चाच्या अंदाजाचा तक्ता, हाती आले, की वसुली (ग्राहकांकडून प्रत्यक्ष आलेला पैसा) आणि महसूल (दिलेल्या सेवेपोटी कमावलेली रक्कम) यांच्या ओळी वेगळ्या आहेत का, हे मी आधी पाहतो. त्या एकत्र असतील, तर पुढचे तक्ते कितीही देखणे असले तरी त्यांवर विसंबता येत नाही.

समजा, किराणा दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी आहे आणि तिचे वर्षाचे शुल्क १२,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी इतके आहे. १ ऑक्टोबरला शंभर दुकानदारांनी वर्षाचे पैसे एकरकमी भरले, तर बँकेत १४,१६,००० रुपये जमा होतात. त्यांतले २,१६,००० रुपये कराचे असल्याने महसुलात कधीच येत नाहीत. शिवाय सेवेच्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लागतो, त्यामुळे तो वर्षभर पुरवून भरण्याची सोय नाही. खरा घोळ होतो तो उरलेल्या १२ लाखांबाबत. सेवा बारा महिने द्यायची असल्यामुळे महसूल दरमहा एक लाख इतकाच धरता येतो. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेले इंड एएस ११५ हे महसुलाचे लेखा मानक हेच सांगते आणि एएस ९ हे जुने लेखा मानक पाळणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या बाबतीतही उत्तर बदलत नाही. म्हणजे ३१ मार्चला नफा-तोटा पत्रकात सहा लाख दिसतील आणि उरलेले सहा लाख ताळेबंदात दायित्वाच्या बाजूला राहतील, कारण तेवढी सेवा अजून द्यायची बाकी आहे.

ज्याने ऑक्टोबरच्या रकान्यात थेट १२ लाख महसूल टाकला आणि त्याला बाराने गुणले, त्याला वार्षिक महसूल १ कोटी ४४ लाख दिसतो. प्रत्यक्षात तो १२ लाख आहे. उलट चूक मात्र हिशेबाला पक्की माणसे करतात. ती महसूल अचूक मांडतात आणि रोख रकमेचा अंदाजही त्यावरूनच काढतात. मग नोव्हेंबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत या शंभर दुकानदारांकडून एक रुपयाही येणार नाही, पगार मात्र दर महिन्याला द्यायचे आहेत, ही गोष्ट मॉडेलमधून निसटते.

विक्री मंदावते तेव्हाही या दोन ओळी वेगवेगळे बोलतात. जानेवारीत नवी विक्री थांबली, तर वसुली त्याच महिन्यात घसरते, पण जुन्या करारांचा महसूल सप्टेंबरपर्यंत येतच राहतो, म्हणून नुसत्या महसुलावर नजर ठेवणाऱ्याला मंदीची चाहूल फार उशिरा लागते. याच्या उलट, अडोबी या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये कायमस्वरूपी परवान्यांऐवजी सबस्क्रिप्शनवर भर दिला, तेव्हा तिचा वार्षिक महसूल सुमारे ४.४ अब्ज डॉलरवरून ४.१ अब्जांच्या आसपास उतरला. एका दमात दिसणारा महसूल आता महिन्यांवर पसरला होता.

मॉडेलमध्ये दोन्ही ओळी जोडणारी तिसरी ओळ हवीच: आरंभीची आगाऊ शिल्लक (अजून द्यायच्या सेवेपोटीची रक्कम), अधिक त्या महिन्यातली करविरहित बिले, वजा त्या महिन्याचा महसूल, म्हणजे अखेरची शिल्लक. हा आकडा ताळेबंदातल्या दायित्वाशी जुळला पाहिजे. त्यासोबत वार्षिक आणि मासिक ग्राहकांचे प्रमाण हे गृहीतक वेगळ्या रकान्यात ठेवावे, कारण त्याच शंभरांपैकी पन्नास जणांनी दरमहा हजार रुपये भरायचे ठरवले, तर महसूल जराही बदलत नाही, पण ऑक्टोबरची करविरहित वसुली १२ लाखांवरून साडेसहा लाखांवर येते.